मणक्याच्या डीकम्प्रेशनमधला अल्ट्रासॉनिक बोन स्कॅल्पेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मणक्याच्या ऑपरेशनची चर्चा हल्ली बरेचदा हत्यारापासूनच सुरू होते. "डॉक्टर, ते आवाजाने हाड कापणारं नवीन मशीन आहे ना, त्यानेच करा." नस कुठे दबली आहे, किती दबली आहे, ऑपरेशन खरंच लागणार आहे का, हे सगळं नंतर. यात पेशंटची चूक नाही. "हाड कापतं, नसेला धक्का लावत नाही" हे वाक्यच इतकं आश्वासक आहे की ऐकणाऱ्याला पुढचं ऐकावंसं वाटत नाही. त्या वाक्यात खरं किती आणि मोघम किती, हे सांगण्यासाठी ही प्रश्नोत्तरं. तुमचा एमआरआय पाहून बोलणाऱ्या डॉक्टरांची जागा ती घेऊ शकत नाहीत.

हे लेझरच ना?

नाही. लेझर म्हणजे प्रकाश. इथे टायटॅनियमचं पातं हाडाला प्रत्यक्ष टेकतं आणि अतिशय वेगाने थरथरत हाड कापतं. मणक्याच्या मागच्या बाजूचं जाड हाड काढणं हे लेझरचं रोजचं काम नव्हे.

डीकम्प्रेशनमध्ये नक्की काय काढतात? गादी काढतात का?

"नस मोकळी करायची" म्हणजे नसेला हात घालायचा, असं अनेकांना वाटतं. खरं तर जवळजवळ सगळं काम नसेच्या आजूबाजूला चालतं.

प्रत्येक मणक्याच्या मागे हाडाची एक कमान असते. पाठीवरून हात फिरवल्यावर मधोमध जो उंचवटा लागतो, त्याच्या दोन्ही बाजूंना उतरत्या छपरासारखा असलेला भाग म्हणजे लॅमिना. या छपराखाली पिवळसर रंगाचा एक चिवट पडदा असतो, त्याला लिगामेंटम फ्लेवम म्हणतात. निरोगी माणसात तो साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाड असतो. वयाबरोबर तो फुगतो, आतल्या बाजूला दुमडतो. शेजारचे सांधे झिजून वाढतात. समोरून गादी फुगते. या सगळ्यांनी मिळून मधली वाट अरुंद केली की आतल्या नसा आवळल्या जातात. मग माणूस थोडं चालला की पाय जड होतात, पोटऱ्या भरून येतात, खाली बसावंसं वाटतं; पुढे वाकून ढकलगाडीचा आधार घेतला की बरं वाटतं. कमरेतल्या या अरुंदपणाचं नेटकं वर्णन हेंक व्हर्बिस्ट या डच न्यूरोसर्जनने १९५० च्या आसपास केलं, तेव्हापासून हा आजार डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर ठळक झाला.

डीकम्प्रेशन म्हणजे हे छप्पर पूर्ण किंवा अर्धं उघडायचं, जाड झालेला पडदा काढायचा आणि सांध्याच्या आतल्या कडा तासून नसेच्या बाहेर पडण्याच्या वाटा रुंद करायच्या. छप्पर पूर्ण काढलं तर लॅमिनेक्टमी, खिडकीएवढंच उघडलं तर लॅमिनोटॉमी. गादी प्रत्येक वेळी काढावी लागतेच असं नाही.

अल्ट्रासॉनिक हत्याराचा संबंध यातल्या फक्त हाडाशी आहे. पिवळा पडदा सोडवणं, नस हळूच बाजूला करणं, गादीचा तुकडा काढणं ही कामं आजही पंच, हुक आणि चिमट्यांनीच होतात. हे सुरुवातीलाच लक्षात घेतलं की बरेच गैरसमज आपोआप गळतात.

सोनोग्राफीतही अल्ट्रासाउंडच असतं. मग त्याने पोटातलं काही कापलं कसं जात नाही?

नाव एक, काम अगदी निराळं. माणसाच्या कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे २०,००० कंपनं. त्यापुढचं सगळंच अल्ट्रासाउंड. सोनोग्राफीत सेकंदाला सुमारे २० लाख ते दीड कोटी कंपनं असतात, पण त्यात कणांची हालचाल नगण्य असते. लहर आत जाते, प्रतिध्वनी घेऊन परत येते, एवढंच. फिजिओथेरपीतलं मशीन १० ते ३० लाखांच्या घरात चालतं. हाड कापणारी हत्यारं मात्र ऐकू येण्याच्या सीमेला जवळजवळ चिकटून, म्हणजे २२,००० ते ३६,००० च्या आसपास काम करतात. कंपनं कमी, पण प्रत्येक कंपनात टोक खरोखर पुढे-मागे होतं. कापतं ते टोक. आवाजाची लहर शरीरात सोडून काही कापलं जात नाही.

ऐकू न येणारा आवाज म्हणतात, पण थिएटरमध्ये टोक हाडाला लागलं की बारीक शीळ आणि फसफस ऐकू येते. तुम्हाला भूल दिलेली असते, त्यामुळे ती आमच्याच वाट्याला.

हे यंत्र आत कसं चालतं?

सर्जनच्या हातातल्या हँडपीसमध्ये सिरॅमिकच्या चकत्या एकावर एक घट्ट आवळून बसवलेल्या असतात. काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज तयार होते, हे जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. याच्या उलटंही घडतं: वीज दिली की स्फटिक किंचित लांब-आखूड होतो. सेकंदाला हजारो वेळा विजेची दिशा बदलली की चकत्या तेवढ्याच वेळा आकुंचन-प्रसरण पावतात.

हे आकुंचन फारच थोडं असतं. ते वाढवतो पुढचा निमुळता टायटॅनियमचा दांडा. घंटेला जसा स्वतःचा सूर असतो तसा या दांड्यालाही असतो आणि यंत्र बरोबर त्याच सुरावर वाजवलं जातं. टायटॅनियममध्ये आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ५,००० मीटर. सेकंदाला २२,५०० कंपनं म्हटली तर एक लहर साधारण २२ सेंटिमीटरची आणि अर्धी लहर ११ सेंटिमीटरची. या हत्यारांची लांबी उगाच ठरत नाही, ती या गणितातून येते. त्याच कारणाने कुठलंही पातं कुठल्याही हँडपीसला चालत नाही. सूर जुळला नाही की दांडा तापतो, चिरतो, क्वचित तुटतो.

टोकाची ये-जा होते काही दशांश मिलिमीटरपर्यंत, बहुतेक वेळा त्याहूनही कमी. समजा ही ये-जा १०० मायक्रॉन आहे, म्हणजे जाडसर केसाएवढी. एवढ्याशा अंतरात सेकंदाला २२,५०० वेळा जायचं-यायचं म्हणजे मधल्या क्षणी टोकाचा वेग सेकंदाला ७ मीटर भरतो. सायकल जोरात दामटली तर साधारण एवढा वेग येतो. डोळ्यांना मात्र पातं स्थिरच दिसतं. नवशिक्या हाताला फसवणारी पहिली गोष्ट हीच, कारण जे हलताना दिसत नाही त्याची भीती वाटत नाही.

शिवाय टोकावर सलाईनची धार सतत चालू असते. ती थांबली तर यंत्र थांबवायचं, हा पहिला नियम.

हाड कापतं आणि नस कापत नाही, हे कितपत खरं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

प्लास्टर काढायचं मशीन कधी पाहिलंय? गोल पातं घूं घूं करत प्लास्टर फाडतं, पण डॉक्टर तेच पातं स्वतःच्या तळहाताला लावून दाखवतात आणि काही होत नाही. कारण ते पातं गरगर फिरत नसतं, जागच्या जागी डावी-उजवीकडे थोडंसं हलतं. कडक प्लास्टर त्याच्याबरोबर हलू शकत नाही, म्हणून तुटतं. कातडी मऊ, ती पात्याबरोबर हलते आणि वाचते. अल्ट्रासॉनिक हत्याराचं तत्त्व याच घराण्यातलं, फक्त कंपनं कितीतरी जास्त आणि हालचाल कितीतरी सूक्ष्म. हाडात कॅल्शियमची खनिजं ठासून भरलेली. टोक आदळलं की ते लवत नाही. अगदी बारीक कण सुटत जातात आणि खाच पडते. मज्जारज्जूवरचं आवरण, म्हणजे ड्युरा, आणि त्याखालच्या नसा मऊ, लवचीक. टोकाचा स्पर्श क्षणभर झाला तर त्या दबतात आणि परत येतात.

इथपर्यंत सगळं खरं. आता उरलेली बाजू.

मऊ ऊतक वाचतं ते त्याला मागे सरकायला जागा असेल तोवर. अरुंद झालेल्या कालव्यात, म्हणजे नसांच्या त्या मधल्या वाटेत, ड्युरा हाडाला आतून चिकटून बसलेला असतो. मागे सरकणार कुठे? त्यात सर्जनने पातं जोरात दाबलं तर दोन्ही बाजूंनी कोंडलेला ड्युरा फाटू शकतो. प्लास्टरच्या मशीननेही कातडी भाजते, कापली जाते, हे ज्याने घाईघाईत प्लास्टर काढून घेतलंय त्याला माहीत असेल. दुसरं म्हणजे उष्णता. पातं एका जागी धरून ठेवलं की घर्षणाने तापतं आणि तापलेल्या पात्याला हाड आणि नस यांतला फरक कळत नाही. तिसरं: काही पेशंटमध्ये ड्युराच हाडासारखा कडक झालेला असतो. यंत्राच्या लेखी तेही हाडच.

म्हणून माझं मत असं: हे हत्यार चूक माफ करतं, पण छोटी चूक. हात हलका, पातं सतत झाडू मारल्यासारखं मागे-पुढे फिरतं आणि पलीकडचा थर जवळ आला की थांबायचं भान असेल, तर ड्रिलपेक्षा ते निश्चितच शांत हत्यार आहे. यातलं एक जरी सुटलं तरी जाहिरातीतलं वाक्य खोटं ठरतं.

पलीकडचा थर जवळ आला हे कळतं कसं?

लॅमिना सँडविचसारखी असते: बाहेर कडक थर, मध्ये स्पंजासारखं हाड, आत पुन्हा कडक थर. पहिला थर कापताना हाताला विरोध जाणवतो, मधल्या भागात पातं सहज उतरतं, मग पुन्हा अडतं. ते दुसरं अडणं म्हणजे सूचना. अनुभवी सर्जन तिथे वजन पूर्ण काढून घेतात, शेवटची पापुद्र्यासारखी भिंत हळूहळू ओलांडतात किंवा मुद्दाम ठेवून हलकेच तडकवतात. आतला थर ओलांडला की हाताला एकदम पोकळ वाटतं. हे पुस्तकातून कळत नाही, मॉडेलवर आणि मृतदेहावर सराव करून बोटांना शिकवावं लागतं.

मग इतकी वर्षं ज्या हत्यारांनी ऑपरेशनं झाली, त्यांत वाईट काय?

वाईट काहीच नाही. आजही बहुतेक ऑपरेशनं त्यांनीच होतात आणि उत्तम होतात.

हाय-स्पीड ड्रिल मिनिटाला ६०,००० हून जास्त फेरे घेतं. हाड लोण्यासारखं उतरतं, पण फिरणारं टोक घसरलं तर एका क्षणात भलतीकडे जातं. नसेच्या संरक्षणासाठी ठेवलेला कापसाचा तुकडा त्यात अडकला की तो गरागरा फिरून आजूबाजूला फटके मारतो. हे एकदा पाहिलेला माणूस ड्रिलजवळ कापूस ठेवताना कायम दोनदा विचार करतो. थरथरणाऱ्या पात्याभोवती कापूस असा गुंडाळला जात नाही.

केरिसन पंच म्हणजे पाळण्याच्या आकड्यासारखं पुढचं टोक असलेलं कापायचं हत्यार. त्याची पातळ जीभ लॅमिनाच्या खाली सरकवायची आणि वरून चावा घेतल्यासारखा हाडाचा तुकडा तोडायचा. अडचण त्या जिभेचीच. जिथे आधीच जागा उरलेली नाही, तिथे मिलिमीटर-दोन मिलिमीटरची का होईना, पण आणखी एक वस्तू आपण आत घालतो. शिवाय दिवसभर असे शेकडो चावे घेऊन सर्जनचा अंगठा आणि मनगट भरून येतं. हे पेशंटला कोणी सांगत नाही, पण थकलेला हात हासुद्धा सुरक्षिततेचाच प्रश्न आहे.

अल्ट्रासॉनिक पात्याने सांध्याच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे अर्धा ते एक मिलिमीटर रुंदीच्या बारीक खाचा पाडता येतात आणि मधलं छप्पर एकसंध उचलता येतं. कालव्याच्या आत काहीही न घालता बाहेरूनच काम होतं, हा याचा खरा फायदा.

मान आणि छातीच्या मणक्यात याचा उपयोग वेगळा असतो का?

हो, आणि माझ्या मते याची खरी जागा तिथेच आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुपका. नसा थोडाफार धक्का सोसतात. मज्जारज्जू फारसा सोसत नाही. मानेत किंवा छातीच्या मणक्यात मज्जारज्जू आधीच दाबलेला असेल, तर पंचाची जीभ खाली घालणं म्हणजे त्याला आणखी दाबणं.

मानेतल्या लॅमिनोप्लास्टीत छप्पर पूर्ण काढत नाहीत, दारासारखं उघडतात. एका बाजूला आरपार खाच, दुसऱ्या बाजूला अर्धी खाच म्हणजे बिजागरी. अर्धी खाच फार खोल गेली तर बिजागरी तुटते, उथळ राहिली तर दार उघडत नाही. बारीक पात्याला इथे चांगला वाव आहे.

छातीच्या मणक्यात पिवळा पडदाच हाड बनून मज्जारज्जूवर चढलेला असतो, असा एक अवघड आजार आहे. त्यात ड्युराही अनेकदा त्या हाडात मिसळून गेलेला असतो. अशा वेळी हत्यार कोणतंही असो, ड्युरा फाटून आतलं पाणी गळण्याची शक्यता मोठीच; ते आधी मोकळेपणाने सांगणारा सर्जन जास्त विश्वासाचा. या ऑपरेशनांमध्ये नसांचे विजेचे संदेश सतत तपासणारं मॉनिटरिंग लावलेलं असतं. अल्ट्रासॉनिक यंत्र चालू असताना त्या आलेखात कधी कधी खरखर दिसते, म्हणून मध्ये मध्ये थांबून पाहतात.

हाड भाजत नाही का?

भाजू शकतं. सशाच्या हाडावर १९८३ च्या सुमारास एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी दाखवलं की ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिलं तरी हाडाच्या पेशींना इजा होते. हा आकडा हाड कापणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. नसा तर त्याहून नाजूक. सलाईनची धार, पातं सतत हलतं ठेवणं, काही सेकंद कापून थांबणं आणि बोथट पातं बदलणं, असे चार साधे उपाय आहेत. धूर किंवा काळसर कडा दिसली तर समजावं, यातला एक चुकला.

ड्युरा फाटण्याचं प्रमाण याने कमी होतं का?

आधी एक गोष्ट: ड्युराला चीर पडणं ही मणक्याच्या ऑपरेशनमधली ओळखीची गुंतागुंत आहे. वेगवेगळ्या अभ्यासांमध्ये तिचं प्रमाण शंभरात एकापासून पंधराच्याही पुढे दिसतं, कारण वय, अरुंदपणा, आधीचं ऑपरेशन यांवर ते फार अवलंबून असतं.

२०१३ मध्ये या हत्याराने केलेल्या पहिल्या १२८ ऑपरेशनांचा एक अनुभव प्रसिद्ध झाला. त्यात ११ पेशंटमध्ये ड्युराला इजा झाली आणि त्यांपैकी दोनच इजांचं खापर थेट अल्ट्रासॉनिक हत्यारावर फोडता आलं. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचता येतो. भक्त म्हणतात, बघा, फक्त दोन. मी म्हणतो, बघा, हे हत्यार हातात असतानाही अकरा. कारण चीर नेहमी हाड कापतानाच पडते असं नाही. चिकटलेला पडदा सोडवताना, पंच वापरताना, नस बाजूला करतानाही पडते. हाडापुरतं सुरक्षित हत्यार ऑपरेशनच्या बाकी टप्प्यांची हमी देऊ शकत नाही.

चीर पडलीच तर?

बहुतेक वेळा तिथेच बारीक टाके घालतात, वरून चिकट द्रव किंवा पट्टी लावतात, काही वेळा एक-दोन दिवस आडवं राहायला सांगतात. वेळेवर लक्षात आली आणि नीट बंद झाली तर पुढचा परिणाम सहसा चांगलाच राहतो. लक्षात न आलेली चीर जास्त त्रास देते.

रक्त कमी जातं म्हणतात.

हाडातून होणारा झिरपा कमी असतो, हे थिएटरमध्ये दिसतं. कापलेल्या पृष्ठभागावर रक्त लगेच उफाळून येत नाही आणि हाडाच्या छिद्रांत मेण भरायची गरज कमी पडते. पण मणक्याच्या ऑपरेशनमधलं त्रासदायक रक्त बरेचदा ड्युराभोवतीच्या शिरांमधून येतं. तिथे बायपोलर (विजेने शिरा बंद करणारा चिमटा), रक्त थांबवणारी जेल आणि संयम. अल्ट्रासॉनिक पातं काही करत नाही. एका पातळीवरच्या छोट्या डीकम्प्रेशनमध्ये तसंही रक्त थोडंच जातं, तिथे हा फायदा पेशंटला जाणवेल एवढा नसतो. अनेक मणक्यांवरचं काम किंवा वाकलेला कणा सरळ करताना हाडं कापायची असतील, तर फरक मोजण्यासारखा पडू शकतो.

काढलेल्या हाडाचं पुढे काय होतं?

ड्रिलने हाड काढलं तर त्याचा भुगा होतो आणि बराचसा सक्शनमधून वाहून जातो. पात्याने काढलेली लॅमिना अख्खी हातात येते. त्याच ऑपरेशनमध्ये दोन मणके जोडायचे असतील तर ते हाड साफ करून, बारीक करून तिथेच भरतात. स्वतःचंच हाड, वेगळी चीर नको. आतली गाठ काढण्यासाठी छप्पर उघडलं असेल, तर काही वेळा तेच छप्पर छोट्या पट्ट्या-स्क्रूंनी जागेवर परत बसवतात. पात्याची खाच बारीक असल्याने तुकडा जागी नीट बसतो. मला स्वतःला या हत्याराचं सर्वांत आवडलेलं काम हेच.

हे तंत्र किती नवीन आहे? आमच्यावर प्रयोग तर नाही ना?

कल्पना जुनी आहे. दात साफ करणारी अल्ट्रासॉनिक यंत्रं १९५० च्या दशकातली. चार्ल्स केलमन या नेत्रतज्ज्ञाला अशाच यंत्राखाली, दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेलं असताना मोतीबिंदू फोडून काढायची कल्पना सुचली आणि १९६७ मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली. तुमच्या आजीच्या डोळ्याचं फेको झालं असेल, तर घरात या घराण्याचं एक ऑपरेशन आधीच होऊन गेलंय. मेंदूतल्या गाठी फोडून शोषून घेणारं अल्ट्रासॉनिक यंत्र १९७० च्या दशकाच्या शेवटी न्यूरोसर्जरीत आलं. हाड कापण्याचे प्रयोगही त्याच दशकातले. जबड्याच्या हाडासाठी ते व्यवहारात आणलं इटलीच्या तोमासो वेर्चेलोत्ती यांनी. मणक्यात रुळायला त्यानंतर काही वर्षं गेली.

गाठ शोषणारं यंत्र आणि हाड कापणारं यंत्र यांत गल्लत करू नका. पहिलं मऊ ऊतकासाठीच बनवलेलं असतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये वापरता येतं का?

येतं. लांब, सडपातळ टोकं त्यासाठी मिळतात. एंडोस्कोपीत पाणी सतत वाहतच असतं, त्यामुळे थंडावा आयता. उलट अडचण अशी की टोक लांब झालं की ताकद घटते आणि अरुंद नळीच्या धातूला घासलं तर तापतं. फक्त "दुर्बीण अधिक अल्ट्रासॉनिक" एवढ्यावरून ऑपरेशन आपोआप हलकं होत नाही.

माझ्या मणक्यात आधीचे स्क्रू आहेत.

सांगून ठेवा, अर्थात ते एक्स-रेत दिसतातच. थरथरणारं पातं धातूला लागलं की पात्यालाच तडा जाऊ शकतो आणि बारीक तुकडा जखमेत पडू शकतो. म्हणून स्क्रू-सळ्यांच्या शेजारी सर्जन हे हत्यार बाजूला ठेवतात किंवा पुरेसं अंतर राखतात. शिवाय आधी ऑपरेशन झालेल्या जागी चट्ट्याचं ऊतक ड्युराला चिकटलेलं असतं. ते सोडवायला यंत्राची मदत होत नाही, डोळ्यांसमोर मायक्रोस्कोप आणि भरपूर वेळ लागतो.

पेसमेकर असेल तर?

या पात्यातून शरीरात वीज सोडली जात नाही, कंपनं जातात. त्या दृष्टीने ते विजेच्या चाकूपेक्षा वेगळं आहे. पण त्याच ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला विजेची साधनं लागतातच. त्यामुळे पेसमेकरची माहिती भूलतज्ज्ञांना आधी द्यायची, हत्यार कोणतंही असो.

याने चीर लहान होते का, लवकर घरी जाता येतं का, पायदुखी जास्त कमी होते का?

चीर किती हे पद्धतीवर ठरतं, हत्यारावर नाही. घरी कधी जाणार हे वय, साखर, आधीची ताकद आणि किती मणक्यांवर काम झालं यावर. पायदुखी आणि चालणं सुधारतं ते नस नीट मोकळी झाल्याने. ती पंचाने मोकळी झाली की पात्याने, हे नसेला माहीत नसतं. कंबरदुखीसाठी डीकम्प्रेशन हा तसाही फार भरवशाचा उपाय नाही. फक्त कंबर दुखते आणि पायात काहीच नाही, अशा पेशंटला नव्या यंत्राच्या नावाने कोणी ऑपरेशन सुचवत असेल, तर दुसरं मत जरूर घ्या.

यामुळे खर्च वाढतो का?

बहुधा हो. पाती एकदाच वापरायची असतात. एक तर सूक्ष्म तडे जातात, शिवाय मज्जारज्जूजवळ वापरलेलं बारीक हत्यार पुन्हा पूर्ण निर्जंतुक करणं कठीण. छोट्या, सरळ केसमध्ये सर्जन म्हणाले की याची गरज नाही, तर त्यांना हात जुना आहे म्हणून नावं ठेवू नका. अनेकदा तोच प्रामाणिक सल्ला असतो.

सर्जनना काय विचारावं?

"तुमच्याकडे ते मशीन आहे का?" या प्रश्नाने फारसं काही कळत नाही. त्याऐवजी विचारा: माझ्या केसमध्ये किती हाड काढणार, सांधा किती शाबूत ठेवणार? निम्म्याहून जास्त सांधा गेला तर मणका डळमळीत होऊन पुढे स्क्रू लागण्याची वेळ येऊ शकते. ड्युरा फाटला तर काय करणार? हे हत्यार तुम्ही नेहमी वापरता की माझ्यासाठी बाहेरून मागवणार? शेवटचा प्रश्न थोडा खट्याळ आहे, पण उपयोगी. रोज ड्रिलवर बसलेला हात रुग्णाच्या हट्टापायी त्या दिवशी पहिल्यांदा अल्ट्रासॉनिक धरणार असेल, तर ड्रिलच बरं.

यंत्र मिळेपर्यंत थांबलं तर चालेल का?

चालताना पाय भरून येतात एवढंच असेल, तर आठवड्या-दोन आठवड्यांनी सहसा बिघडत नाही. पण लघवी अडली किंवा कळत नाहीशी झाली, बैठकीचा भाग आणि जांघा बधिर झाल्या, पाऊल अचानक उचलेनासं झालं, तर एक दिवसही थांबायचं नाही. याला कॉडा इक्वायना सिंड्रोम म्हणतात. तिथे जे हत्यार हाताशी आहे तेच उत्तम हत्यार. मानेच्या आजारात बोटांनी बटण लावता न येणं, चालताना तोल जाणं, हेही टाळाटाळ करण्यासारखं नाही.

घरी आल्यावर उठून बसलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं. हे भुलेमुळे का?

तसं गृहीत धरू नका. बसल्यावर वाढणारं आणि आडवं झाल्यावर विरणारं डोकं हे ड्युरातून पाणी झिरपत असल्याचं लक्षण असू शकतं. जखमेच्या पट्टीवर पाण्यासारखा स्वच्छ ओलावा दिसतोय का, पाठीत मऊ फुगवटा आलाय का, ते बघा. मान आखडून ताप आला असेल तर थेट इमर्जन्सीत. नुसतं डोकं दुखत असेल तरी आडवं राहा, जोर देऊन उचलणं-कुंथणं टाळा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा, टाके काढायच्या तारखेपर्यंत थांबू नका.